चित्राखालची चिठ्ठी

मास्तर, परवा तुमची तेरवी झाली. जेवण चांगलं होतं. वांग्याची भाजी तुम्हाला आवडते तशीच होती, तेलात पोहणारी. त्याआधी शाळेत शोकसभा झाली आणि हेडमास्तरांनी "कलाविश्वाची अपरिमित हानी" हे शब्द दोनदा वापरले. ड्रॉईंगच्या वर्गाचं छप्पर गळतं म्हणून तुम्ही दर पावसाळ्यात अर्ज देत होतात, तेव्हा हे कलाविश्व कुठं गावाला गेलं होतं, असं माझ्या मनात आलं. पण मी बोललो नाही. ऐनवेळी न बोलण्याची माझी सवय तुम्हाला माहीत आहे, तुमच्याइतकी कोणालाच नाही.

टेबलावर तुमचा फोटो होता, काळ्या कोटातला. कोटावर छातीपाशी दोन्ही बाजूंना फिकट डाग दिसत होते. हेडमास्तरांना वाटलं काच मळली आहे. त्यांनी शिपायाला खुणावलं, त्याने धोतराच्या सोग्याने काच पुसली, डाग गेले नाहीत. पुन्हा खुणावलं, पुन्हा पुसली. ते डाग कशाचे आहेत हे त्या सभेत फक्त मला ठाऊक होतं. मी खाली पाहत बसलो.

शाळेच्या वार्षिकासाठी तुमच्यावर दोन पानं लिहून द्या, असं मला सांगितलं आहे. जन्म कुठे, शिक्षण किती, नोकरी केव्हा लागली. ते सगळं तुमच्या सर्व्हिस बुकात आहे, ज्याला हवं त्याने ऑफिसात जाऊन पाहावं. मी इतिहासाचा मास्तर. सनावळ्या सांगण्यात माझं आयुष्य गेलं, आता तुमची तरी सनावळी नको. मला लिहायचं आहे ते वेगळंच. एक गोष्ट तुमच्या हयातीत तुम्हाला सांगायची राहिली. आता ती सांगायला आधी मला दुसऱ्याच एका माणसाकडे जावं लागलं. काल जाऊन आलो.

तेरवीच्या दिवशी पाहुणे पांगल्यावर वहिनींनी मला मागच्या खोलीत बोलावलं. कपाटामागून त्यांनी दोन गठ्ठे काढले. एक लहान, एक मोठा, दोन्ही जुन्या चादरीत बांधलेले.

"हे दोनी तुमच्याकडे द्याचं म्हनत होते," वहिनी म्हणाल्या. "मी म्हनलं, त्यायच्या घरी काहून? तं म्हने, इतिहासवाल्याले समजते त्याचं."

इतिहासवाले हे तुम्ही मला ठेवलेलं नाव. लहान गठ्ठ्यात काय आहे हे मला न सोडताच कळलं. तो अल्बम होता.

गांधी चौकाजवळच्या भंगारवाल्याच्या दुकानाची पाटी तुम्ही रंगवून दिली होती आणि मजुरीच्या बदल्यात हा अल्बम उचलून आणला होता. कोण्या इंग्रज साहेबाच्या बंगल्यातलं सामान फिरत फिरत त्या दुकानात आलं असावं. गेल्या शतकातली चित्रं. हातभर कागदावर पाण्याच्या रंगात काढलेली आपल्याच मुलखातली माणसं. कापूस पिंजणारा, घाण्याचा तेली, मागावरचा कोष्टी, मडकी विकणारी कुंभारीण, धान्याची लदनी वाहणाऱ्या बैलामागे चालणारी बंजारा बाई. प्रत्येकाच्या पायाखाली हिरव्या गवताची एक पट्टी आणि मागे काहीच नाही, ना घर, ना झाड, ना आभाळ. खाली इंग्रजीत लफ्फेदार अक्षरात त्या माणसाचा धंदा किंवा जात लिहिलेली. नाव एकाचंही नाही. चित्रं काढणारे आपलेच लोक, साहेबांच्या पदरी कामाला असलेले. त्यांचीही सही कुठे नाही.

तुम्ही तो अल्बम स्टाफरूममध्ये आणलात त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं. ते तुम्ही जाईपर्यंत चाललं. दोन मास्तरांना एवढं पुरतं.

माझं म्हणणं असं होतं की ही चित्रं म्हणजे खानेसुमारी आहे. साहेबाला मुलखात काय काय पिकतं हे पाहायचं होतं. कापूस किती, तेल किती आणि माणसं कोणकोणत्या जातीची. विलायतेतले चित्रकारही त्याच काळात तिकडचे शेतमजूर रंगवायला लागले होते, पण निदान ते त्यांच्या गावचे तरी होते. इथे तर गाव नाही, नाव नाही. मी म्हणायचो, "मास्तर, नाव विचारायला किती वेळ लागतो? एका माणसाचं नाव विचारावंसं वाटत नाही, त्याचं चित्र म्हणजे पोर्ट्रेट कसं म्हणायचं?"

तुम्ही पिंजाऱ्याचं पान उघडायचात आणि बोट ठेवायचात. "हा अंगठा पाहा. पिंजण धरलेला. वाकडा हाय का नाही?"

"आहे. पिंजण धरून धरून झाला असेल. सगळ्या पिंजाऱ्यांचा होत असेल."

"पुरावा?" तुम्ही म्हणालात. माझा शब्द माझ्यावरच.

पुढच्या रविवारी तुम्ही खरोखरच गाद्या पिंजणाऱ्यांच्या मोहल्ल्यात गेलात. सोबत मलाही ओढलंत. हिवाळा तोंडावर आलेला, त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती, सगळीकडे कापूस उडत होता. तुम्ही एकेकाला अंगठा दाखवायला सांगत होतात. एक म्हातारा तुम्हाला म्हणाला, "मास्टर, अंगूठे में क्या खजाना देख रहे?" आणि सगळा मोहल्ला हसला. एकाचाही अंगठा वाकडा नव्हता. परत येताना तुमच्या केसांत, मिशीत कापूस अडकला होता आणि तुम्ही इतके खूश होतात की मला तुमचा राग आला.

"म्हंजे तो अंगठा पिंजाऱ्याचा नाही," तुम्ही म्हणालात. "त्या मानसाचा हाय. साहेबानं नाव नसन विचारलं, पन चितारीनं मानूस पाह्यलता."

मी म्हटलं, अंगठ्यावरून नाव कळत नाही. तुम्ही म्हणालात, नावावरून अंगठा कळतो का? तिथे ते अडकलं. पुढली आठ वर्षं तिथेच होतं.

आता मोठ्या गठ्ठ्याकडे येतो. येणं भाग आहे.

सोमलीबाई दर बाजारच्या दिवशी वहिनींना सरपणाची मोळी टाकायला यायची. कळंबच्या रस्त्यावरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातली. मोळी टाकून झाली की तुमच्या ओट्यावर पाय सोडून बसायची, पाणी प्यायची आणि कमरेच्या पिशवीतून कशिदा काढून टाके घालायला लागायची. तांड्यात होणाऱ्या सुनेसाठी सासू कांचळी, म्हणजे चोळी, कशिद्याने भरून ठेवते, तिचं ते काम चाललं होतं. आरशाचे तुकडे, कवड्या, लाल-पिवळा दोरा. तिचा एकुलता मुलगा तिकडे वणीकडे, राजूरला कोळशाच्या खाणीवर कामाला होता आणि त्याच्यासाठी मुलगी पाहणं सुरू होतं.

तुम्ही तिला चित्रासाठी बसता का म्हणून विचारलंत, तेव्हा मी तिथे होतो. मला वाटलं ती लाजेल किंवा घाबरेल. तिने उलट तुम्हालाच तपासलं.

"फोटोवाल्याकडे गेली तं एका मिंटात होते. तुम्हाले किती दिवस लागन?"

"पाच-सहा बाजार."

"फोटोत रंग नाही येत," ती जरा विचार करून म्हणाली. "माह्या कशिद्याचा रंग आला पाह्यजे. पोराले देईन. थो तिकडे कोयशात सगळं कायंच पाह्यते." आणि मग, "बसल्या बसल्या माहं काम चालू राहीन. हात नाही थांबवनार."

म्हणून तुम्ही चालते हात रंगवलेत. सुई धरलेल्या दोन बोटांसाठी तीन बाजार गेले. तुम्ही रंगवत होतात, पुसत होतात. ती मध्येच मान वर करून म्हणायची, "मास्तर, माहा टाका उसवला तं मी बी असाच उसवतो." बाईमाणूस असून 'उसवतो' म्हणायची, तांड्यातली बोली आणि वऱ्हाडी तिच्या तोंडात एक होऊन जायची. तुम्ही दोघं तासन् तास एकमेकांशी न बोलता काम करत बसायचात. मी पेपर वाचत असे. आता वाटतं, ओट्यावर रिकामा माणूस मी एकटाच होतो.

त्याच साली, छप्पन साली, आपला जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. शाळेच्या स्नेहसंमेलनाला पहिल्यांदाच मुंबईकडचे साहेब येणार होते. चित्रप्रदर्शनाची व्यवस्था माझ्याकडे होती आणि मी ती फार मनावर घेतली होती. आपला भाग मुंबईवाल्यांच्या डोळ्यात भरला पाहिजे, असं मला वाटत होतं. प्रदर्शनाच्या तीन दिवस आधी मी तुमच्याकडे आलो. चित्र जवळजवळ पुरं झालं होतं. मी ते पाहिलं आणि म्हणालो, "मास्तर, ही बंजारा बाई वाटतच नाही. कोणीही वाटते."

"सोमलीबाई वाटते न?"

"ती वाटते."

"मंग?"

मी अल्बम उघडला. त्यातल्या बाईच्या दोन्ही गालांजवळ केसांत गुंफलेल्या चांदीच्या घुगऱ्या होत्या आणि दंडांवर खांद्यापासून कोपरापर्यंत पांढरा चूडो, हाडाच्या बांगड्यांची रांगच्या रांग. सोमलीबाईच्या दंडांवर काही नव्हतं. तुम्ही जे नव्हतं ते रंगवलं नव्हतं.

"तिच्यापाशी नाही हे," तुम्ही म्हणालात.

"गरिबीत मोडून खाल्लं असेल. चित्रात तरी द्या तिला. खूश होईल."

तुम्ही बराच वेळ ब्रश पुसत राहिलात. मग म्हणालात, "बाजारच्या दिवशी तिले विचारून घेतो."

"बाजार आणि प्रदर्शन एकाच दिवशी आहे. आणि पुरावा समोर असताना विचारायचं काय?"

हे वाक्य माझं आहे, मास्तर. जसंच्या तसं आठवतं. आयुष्यभर पोरांना पुराव्याची किंमत शिकवली आणि माणूस दर आठ दिवसांनी ओट्यावर येऊन बसत असताना मी पुरावा शोधला भंगारातल्या अल्बममध्ये.

तुम्ही दोन दिवस खपलात. चूडो सुंदर झाला होता, ते मी नाकारत नाही. पांढऱ्या रंगाचा थर इतका जाड की बांगड्या चित्रातून वर आल्यासारख्या दिसत. तैलरंग तो, वाळला नव्हता. ओल्या रंगानेच चित्र भिंतीवर लागलं.

सोमलीबाई बाजार करून शाळेत आली, सोबत तिचा दीर. तुम्हीच तिला बोलावलं होतं. हॉलमध्ये पालक होते, पोरं होती, दोन-तीन शिक्षक होते. मुंबईचे साहेब अजून हेडमास्तरांच्या खोलीत चहा घेत होते. ती चित्रासमोर उभी राहिली. आधी कशिद्याजवळ वाकून पाहिलं आणि हसली. मग नजर वर गेली.

"हे कोन व्हय, मास्तर?"

"तुमीच न, सोमलीबाई."

"मी नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "माह्या मालकाले जाऊन बारा वर्सं झाले. त्या दिवशी याडीनं, माह्या मायनं, माह्या हातचा चूडो उतरवला. बारा वर्सं झाले, दंड मोकळे हायेत. तुम्ही कायले भरले?"

हॉलमधली पोरं आणि पालक तिच्याकडे पाहायला लागले. दीर पुढे आला. "गुरुजी, पोराची सोयरीक चालू हाय. पोरीचा मामा आज बाजारात आला हाय. थो हे पाहीन तं काय म्हनन? का बाईनं दुसरा घरोबा केला अन् आमी लपवून ठेवलं?"

तांड्यात लग्न झालेली बाई चूडो घालते आणि नवरा गेला की उतरवते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तुम्हाला नव्हतं. मला तर नव्हतंच, आणि मला आपल्या जिल्ह्याचा इतिहास पाठ होता.

तुम्ही म्हणालात, "चूक माही हाय. मी विचारलं नाही."

मी दाराजवळ उभा होतो. हातात कार्यक्रमपत्रिकांचा गठ्ठा होता. दोन पावलं पुढे टाकून "चूक माझी आहे, मास्तर विचारणार होते, मीच थांबवलं" एवढं म्हणायचं होतं. मराठीत हे वाक्य फार अवघड नाही. मी म्हटलं नाही. तुम्ही माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. बहुतेक मला वाचवायलाच पाहिलं नाहीत.

तुम्ही चित्र खिळ्यावरून काढलंत आणि कोणाला दिसू नये म्हणून छातीशी धरून, रंगाची बाजू आत करून, हॉलबाहेर नेलंत. ओला पांढरा रंग कोटाला लागला. चूडो उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंना उमटला. त्याच कोटात तुम्ही मुंबईच्या साहेबांपुढे उभे राहिलात. हेडमास्तरांनी डोळे वटारले. वहिनींनी पुढे रॉकेलने घासघास घासलं, डाग फिकट झाले, गेले नाहीत. तुम्ही दुसरा कोट शिवला नाही. फोटोही त्यातच काढलात.

त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही सुरीने दोन्ही दंडांवरचा आणि गालांजवळचा रंग खरवडून काढलात. मी आलो तेव्हा जमिनीवर पांढरा भुगा पडला होता. चेहरा तसाच होता, हात आणि सुई तशीच होती, मध्ये दंडांच्या जागी कॅनव्हास उघडा पडला होता. मी म्हणालो, पुन्हा रंगवून टाका. तुम्ही म्हणालात, "तिले विचारल्याबिगर नाही रंगवनार." आणि चित्र कपाटामागे गेलं.

सोमलीबाईची मोळी पुन्हा तुमच्या दारात आली नाही.

मला तुमचा खरा राग कशाचा आहे सांगू? आठ वर्षांत तुम्ही मला एकदाही काही बोलला नाहीत. एकदा ओरडला असतात, "तुमच्यापायी झालं हे, इतिहासवाले," तर मी भांडलो असतो, रुसलो असतो आणि मग कबूल केलं असतं. आपण रोज संध्याकाळी अल्बम उघडून भांडत राहिलो, पण त्यातल्या बंजारा बाईचं पान दोघांनीही कधी उघडलं नाही. एकदा मी तोंडाच्या भरात पुन्हा म्हणून गेलो, "नाव विचारायला किती वेळ लागतो?" तुम्ही ब्रश धूत होतात. तुमचा हात थांबला, मग पुन्हा धुवायला लागलात. मला वाटलं, उत्तर सुचलं नाही. मी जिंकल्यासारखा घरी गेलो.

तेरवीच्या दिवशी घरी येऊन मोठा गठ्ठा सोडला तेव्हा तुमचा थांबलेला हात मला समजला. चौकटीच्या खालच्या पट्टीवर प्रदर्शनातली कागदी चिठ्ठी अजून चिकटलेली होती. शाई उडाली होती तरी वाचता येत होती. "बंजारा स्त्री (तैलचित्र)." अक्षर माझं. सगळ्या चिठ्ठ्या मीच लिहिल्या होत्या, हे मी साफ विसरलो होतो. सोमलीबाईचं नाव मला माहीत होतं, तिच्यासोबत एका ओट्यावर बसलो होतो, आणि लिहिताना लिहिलं ते साहेबासारखंच. तुम्ही आठ वर्षं ती चिठ्ठी काढली नाहीत आणि मला दाखवलीही नाहीत. मी खुर्चीवर बसलो आणि रडलो. शोकसभेत रडलो नव्हतो, स्मशानात नव्हतो. रडलो ते तिथे, माझ्याच अक्षरासमोर.

काल सकाळी चित्र पुन्हा चादरीत बांधलं आणि कळंबच्या एस.टी.त बसलो. कंडक्टरने गठ्ठा हाताने चाचपून पाहिला. "आरसा हाय का? फुटला तं मी जिम्मेदार नाही." मी म्हटलं, चित्र आहे. "कोनाचं?" सोमलीबाईचं, मी म्हटलं. "कोन सोमलीबाई?" म्हणाला आणि पुढच्या उतारूकडे वळला. फाट्यावर उतरून पऱ्हाटीच्या शेतांतून पायी तांड्यावर गेलो. कापसाची वेचणी चालू होती. कोणाला वाट विचारली की आधी माझ्या गठ्ठ्याकडे पाहायचे, मग हात दाखवायचे.

ती दारात बसली होती. केस पांढरे झाले आहेत, हातात सुई तीच. सुनेने मला बाज टाकून दिली, पाणी दिलं. मी सांगितलं की मास्तर गेले. तिचा टाका थांबला. तुम्ही रंगवायला बसायचात तेव्हासुद्धा तिने हात थांबवले नव्हते.

"संक्रांतीले आलता," ती म्हणाली.

"कोण?"

"मास्तर. दर संक्रांतीले यायचा. बसे, चहा पेये, जाये. चित्राचं कधी नाही काढलं त्यानं. मीच म्हनलं होतं पयल्या साली, पोराचं लगन होऊ द्या, मंग बसीन. मंग राहूनच गेलं."

मला माहीत नव्हतं, मास्तर. आठ संक्रांती. त्याच संध्याकाळी तुम्ही माझ्याकडे तिळगूळ घ्यायला यायचात, पायांवर धूळ असायची आणि मी म्हणायचो, कुठे भटकून आलात?

मी चादर सोडली आणि चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. तिने कशिद्यावरून बोट फिरवलं, रंग मोजल्यासारखं. मग दंडांवरच्या कोऱ्या जागेवर हात ठेवला.

"बाई," मी म्हणालो, "ते चूडोचं मी सांगितलं होतं. मास्तर तुम्हाला विचारणार होते. मी विचारू दिलं नाही. आणि त्या दिवशी मी बोललोही नाही."

"मले माहीत हाय."

"मास्तरांनी सांगितलं?"

"त्यानं नाही सांगतलं. तुम्ही दारापाशी उभे होते न, हातात कागदं घेऊन? सगळे लोक माह्याकडे पाहून राह्यलते. तुम्ही एकटेच जमिनीकडे पाहून राह्यलते." ती सहज म्हणाली, रागाने नाही. "मी म्हनलं, ह्यायचंच काही तरी हाय."

मी पुन्हा जमिनीकडेच पाहत होतो, हे माझ्या लक्षात आलं. मान वर केली.

"थे सोयरीक मोडली," ती म्हणाली. "मामानं ऐकलंच कोनाकडून तरी. पोरगं सालभर माह्याशी बोललं नाही. मंग हे आली." सुनेकडे हनुवटीने दाखवत म्हणाली, "हे त्याहून चांगली हाय, पन तिले सांगू नोका." सून तोंडावर पदर घेऊन हसली. मला हसू आलं नाही. ते पोरगं सालभर आईशी बोललं नाही, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे.

मी विचारलं, शाळेत आता नवे ड्रॉईंग मास्तर आले आहेत, त्यांच्याकडून दंड पुरे करून आणू का? ती मान हलवून नाही म्हणाली.

"असंच राहू द्या. मोकळेच हायेत न माहे." मग खाली वाकून चिठ्ठीकडे पाहिलं. "हे काय लिवलं?"

मी वाचून दाखवलं. "बंजारा स्त्री."

"अन् माहं नाव?"

मी चिठ्ठी नखाने सोलून काढली. खिशातली वही काढून कागद फाडला. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. सोमली हरचंद राठोड. नवऱ्याचं नाव तिने न अडखळता घेतलं. सून कणकेची खळ घेऊन आली, तिने कागद चौकटीवर लावायला घेतला. तेवढ्यात सोमलीबाईने तिचा हात धरला.

"थांब. मास्तरचं बी लिवा खाली. त्याचं नाव काय होतं?"

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. आठ संक्रांती तुम्ही त्या दारात चहा प्यायलात आणि तिला तुमचं नाव माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलं नाहीत, तिने विचारलं नाही. चित्रावर तुमची सही नाही, पुरं झालं नाही म्हणून तुम्ही केलीच नसणार.

"केशव," मी म्हणालो. "केशव विठोबा लोणारे." ते नाव मीही यापूर्वी कधी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. इतकी वर्षं एका स्टाफरूममध्ये बसलो, एका ओट्यावर भांडलो, आणि माझ्या तोंडी तुम्ही मास्तरच राहिलात. तुमचा धंदा तेवढा मी पाठ केला होता.

"केशव," सोमलीबाई एकदा म्हणाली आणि कागद चिकटवायला सुनेला खूण केली. चित्र आत, पोराच्या ट्रंकेच्या वर लागलं आहे. तो दिवाळीला राजूरहून येईल तेव्हा पाहील. एस.टी. चुकू नये म्हणून मी निघालो. निघताना पुन्हा एकदा त्या चित्रातल्या हातांकडे पाहिलं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख अर्धं तुटलेलं आहे. दारात बसलेल्या बाईच्या हाताकडे पाहिलं. तिथेही तसंच होतं. ओट्यावर इतके बाजार बसून मला ते कधी दिसलं नव्हतं.

केशवराव, अंगठ्याचं तुमचं म्हणणं खरं होतं.